ठसा आपला, नाव आपले

भेंडी आपण नेहमी चिरतो. कढईत टाकतो. खातो. पण चिरलेल्या भेंडीकडे कधी निरखून पाहिले आहे का? भेंडी आडवी कापा. कापलेली बाजू पाहा. पाच पाकळ्यांचे फूल दिसेल. ते कोणी काढलेले नाही. भेंडीच्या पोटातच ते आहे.

हे फूल रंगावर टेकवा आणि कापडावर दाबा. कापडावर फूल उठेल. पुन्हा दाबा, दुसरे उठेल. यालाच ठसा म्हणतात. आकार एकदा करायचा आणि हवा तितक्या वेळा उठवायचा. ठशाची सारी विद्या एवढीच.

शाळेत हस्तकलेच्या तासाला आम्ही मुलांकडून असे ठसे पुष्कळ करून घेतले. पण ते कागदावर. कागद कोणी धूत नाही. कापड मात्र धुवावे लागते, उन्हात वाळवावे लागते. म्हणून कापडावरचे काम निराळे. या धड्यात आपण तीन गोष्टी शिकू. ठसा कसा करावा, रंग पक्का कसा करावा, आणि त्याखाली आपले नाव कसे उठवावे.

कोणत्या भाजीचा ठसा कसा येतो?

भेंडी थोडी जून घ्यावी. कोवळी भेंडी दाबली की चेपते. दोडका आडवा कापला तर दहा शिरांचे चक्र मिळते. कांदा आडवा कापला तर एकात एक कडी येतात. ढोबळी मिरचीचे तीन-चार पाकळ्यांचे फूल होते. कोबीचा लहान गड्डा उभा कापला तर आत झाडासारखी नक्षी दिसते. केळीच्या पानाचा जाड देठ कापला तर बारीक जाळी दिसते. हे सगळे आयते ठसे. त्यांना कोरावे लागत नाही.

बटाट्याच्या पोटात मात्र फूल नाही. तो आतून कोरा आहे, पाटीसारखा. म्हणून त्यावर आपल्या मनातले काढता येते. पान काढा, कोयरी काढा, मोर काढा. बटाटा हा आपल्याकडे परदेशातून आला. त्याचे नावही पोर्तुगीज लोकांच्या बोलीतले आहे. पण आता तो घरोघर मिळतो, आणि स्वस्त आहे. शिकताना चार बटाटे बिघडले तर नुकसान थोडे.

बटाटा कसा कोरावा?

धारदार सुरीने एका दमात बटाट्याचे दोन भाग करावे. सुरी मागे-पुढे केली तर बाजू खडबडीत होते, आणि ठसा सगळीकडे सारखा टेकत नाही. कापलेली बाजू कोरड्या फडक्यावर दहा मिनिटे पालथी ठेवावी. बटाट्याला पाणी सुटते. ते टिपले नाही तर रंग घसरतो.

मग चित्र काढावे. जे कापडावर उठायला हवे ते तसेच ठेवावे. जे उठायला नको ते कोरून काढावे. खोली ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी पुरे. कमी कोरले तर खोलगट भागही रंग धरतो, आणि चित्र डागळते. बटाट्याची मागची बाजू दोन्हीकडून छाटून धरायला मूठ करावी.

भाजीचा ठसा एक दिवसाचा असतो. रात्रीत तो सुकतो, कडा वाकतात. मध्येच काम थांबवायचे असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या कापड छापतात ते लाकडाचे ठसे करतात. ते वर्षानुवर्षे चालतात. आपल्या भाजीने आधी हात बसतो, डोळा बसतो. पुढे लाकडाकडे जाता येते.

सुरीचे काम मोठ्यांनी करावे. ठसा उठवण्याचे काम मुलांनाही जमते. रंग लागलेली भाजी मात्र गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नये. ती पुरून टाकावी.

कापडाची तयारी

सुती कापड घ्यावे. मांजरपाट चांगला. जुने सुती धोतरही चालते. टेरीकॉटवर घरचा रंग धरत नाही.

नव्या कापडाला खळ असते. खळीवर रंग बसला तर पहिल्या धुण्यात खळीबरोबर तोही जातो. म्हणून कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावे, स्वच्छ धुवावे आणि वाळवावे.

छापताना कापडाखाली घोंगडी किंवा गोधडी दुमडून घालावी. कठीण फळीवर ठसा नीट उठत नाही. मऊ बैठकीवर सगळा ठसा सारखा टेकतो. रंग ताटलीत ओतून ठसा त्यात बुडवू नये. ताटलीत चौघडी फडके ठेवावे, त्यावर रंग मुरू द्यावा, आणि ठसा त्या गादीवर टेकवावा. रंग बेताचा लागतो.

आधी माप घ्या, मग छापा. समजा, पिशवीचा काठ ६० सेंटिमीटर आहे. दर ६ सेंटिमीटरला एक बुट्टी हवी. तर ६० भागिले ६, म्हणजे १० बुट्ट्या. दहा ठिकाणी खडूने बारीक खूण करा. सरळ रेघेसाठी सुताराप्रमाणे खडू लावलेला दोरा ताणून सोडा. दुसरी ओळ वीटकामासारखी करा. वरच्या दोन बुट्ट्यांच्या मध्ये खालची एक. कापड भरलेले दिसते.

कच्चा रंग फसवतो

आता मुख्य गोष्ट. ठसा कोणीही उठवील. रंग टिकला पाहिजे.

पुष्कळांना वाटते, घरात हळद आहे, बीट आहे, पालक आहे, मग रंग विकत कशाला घ्यायचा? छापले की सुरेख दिसते. पण हळद उन्हाने उडते. साबण लागला तर लाल होते. हळदीला खार लागला की ती लाल होते. घरी कुंकू करणाऱ्या बायकांना हे ठाऊक आहे. बिटाचा रंग धुण्यातच जातो. पालकाचा हिरवा चार दिवसांत मळकट होतो.

स्वतःच्या घरातले फडके असेल तर हरकत नाही. पण बचत गटाने अशा पिशव्या विकल्या तर काय होईल? घेणारी बाई पिशवी साड्यांबरोबर भिजत घालील. पिशवीची नक्षी जाईल आणि तिच्या साडीला डाग पडतील. ती पुन्हा आपल्या दारी येणार नाही. शेजारणीलाही येऊ देणार नाही. पिशवीचे पैसे परत देता येतात. गेलेला विश्वास परत मिळत नाही.

बाजारचा पक्का रंग

कापडावर छापायचा तयार रंग लहान बाटलीत मिळतो. बारामतीच्या बाजारात कागद-पेनांच्या मोठ्या दुकानात विचारावे. बाटली घेताना तिच्यावरचा मजकूर स्वतः वाचावा. 'कापडासाठी' असे लिहिले आहे का ते पाहावे. चित्रकलेचा साधा रंग कापडावर टिकत नाही. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्या. फरक अक्षरांत आहे.

या रंगात पाणी फार घालू नये. छापल्यावर कापड निदान एक दिवस सावलीत वाळवावे. मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी. उष्णतेने रंग धाग्याला घट्ट धरतो. किती दिवसांनी धुवावे हे बाटलीवर दिलेले असते. त्याप्रमाणे करावे.

घरचा पक्का काळा रंग

बाजारात न जाता होणारा एक पक्का रंगही आहे. तो काळा. त्याचे गुपित आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कच्ची केळी विळीवर चिरली की विळी काळी पडते, बोटेही काळी होतात. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा होतो. असे का होते? केळी, आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल यांत तुरट रस असतो. तुरट रस आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. तो पाण्याने सुटत नाही. युरोपात शेकडो वर्षे लिहिण्याची शाई अशीच करीत. मायफळाचा तुरट रस आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार. ज्या काळ्याने कागदावर अक्षर उठले, त्याच काळ्याने कापडावर फूल उठते.

राजस्थानात जयपूरजवळ बगरू नावाचे गाव आहे. तिथले छपाईवाले घोड्याचे जुने नाल आणि गूळ पाण्यात आंबवून काळा रंग करतात. कृती आपल्याला जमण्यासारखी आहे.

पहिले काम, लोखंडाचे पाणी. मातीच्या मडक्यात २ लिटर पाणी घ्यावे. त्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवावा. गुळाची आपल्याकडे वाण नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, पुढे या भागात ऊस वाढला. मग ४०० ग्रॅम गंजके लोखंड टाकावे. मोडके खिळे, बैलाच्या पत्र्या, काहीही चालेल. तेल किंवा रंग लागलेले मात्र नको. तोंडाला फडके बांधून मडके सावलीत ठेवावे. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. चुलीजवळही ठेवू नये. रोज काठीने ढवळावे. फेस येतो, आंबट वास येतो. पंधरा-वीस दिवसांत पाणी गडद होते.

दुसरे काम, कापडाला हिरडा. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरात हिरड्याची झाडे आहेत. तिथले आदिवासी बांधव हिरडा गोळा करतात. हिरड्याच्या एका जातीला 'रंगारी हिरडा' असेच नाव आहे. त्यावरून ध्यानात येईल की हे काम आपल्याकडेही जुने आहे. रंगारी हे आडनावही आपण ऐकतो. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड घ्यावी. ती एक लिटर पाण्यात कालवावी. त्यात कापड अर्धा तास बुडवून ठेवावे. मग पिळावे आणि न धुता उन्हात पसरून वाळवावे. कापड पिवळसर होईल. तसेच व्हायला हवे.

तिसरे काम, रंग दाट करणे. नुसते पाणी कापडावर पसरते. त्याला चिंचोक्याचे पीठ लागते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तेच पीठ इथे कामाला येते. लोखंडाचे पाणी फडक्याने गाळावे. थोड्या गार पाण्यात पीठ गुठळी न होता कालवावे. मग मंद आचेवर ढवळत शिजवावे. पातळ पिठल्याएवढे दाट झाले की उतरवून गार करावे.

आता हिरडा दिलेल्या कापडावर ठसा उठवा. उठताना तो करडा दिसेल. बघता बघता काळा होईल. लोखंड आणि हिरडा भेटले! छापलेले कापड दोन दिवस सावलीत ठेवा. मग भरपूर साध्या पाण्यात हलवत धुवा. जास्तीचा रंग आणि खळ निघून जाईल. हे पाणी नीरेत किंवा विहिरीत सोडू नये.

एक सावधगिरी. लोखंडाचे पाणी गरजेपेक्षा कडक झाले तर काही काळाने कापड ठशाच्या जागी विरते. म्हणून आधी चिंधीवर पाहा. ठसा काळा येत असेल तर तेवढेच पुरे. आणखी कडक करू नका.

दुसरी सावधगिरी याहून मोठी. मडक्याला गुळाचा वास असतो. लहान मूल चाखायला जाईल. म्हणून मडके उंच ठेवा आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा : 'खाण्याचे नाही'. हे तुम्हीच लिहायचे आहे. घरातल्या सगळ्यांना वाचूनही दाखवायचे आहे.

पारख केल्याशिवाय विकू नये

रंग पक्का आहे हे कसे ओळखावे? वीतभर छापील पट्टी घ्या. तिचे तीन तुकडे करा. पहिला तुकडा पेटीत ठेवा. दुसरा पांढऱ्या चिंधीबरोबर साबणाने पाच वेळा धुवा. तिसरा आठ दिवस उन्हात टांगा. मग तिन्ही शेजारी ठेवून पाहा. तिन्ही सारखे दिसले आणि पांढरी चिंधी पांढरीच राहिली, तर रंग पक्का. नाहीतर माल विकू नये.

प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा. तारीख, हिरडा किती, गूळ किती, किती दिवस आंबवले, ठसा कसा आला. पुढच्या खेपेला तुमची वहीच तुमची शिक्षिका होईल.

हिशेबही त्याच वहीत ठेवा. समजा, एका पिशवीचे कापड ३० रुपयांचे, शिलाई १५ रुपये, रंग आणि दोरा मिळून ५ रुपये. एकूण ५० रुपये. पिशवी ७० रुपयांना गेली तर २० रुपये उरले. पण छापायला अर्धा तास लागला असेल तर हे २० रुपये म्हणजे त्या अर्ध्या तासाची मजुरी. आपली मजुरी धरल्याशिवाय नफा मोजू नये. बायकांचे काम फुकटात धरायची आपल्याकडे खोड आहे. वही ती खोड मोडते.

अंगठा आणि अक्षर

आता शेवटचा ठसा, नावाचा.

अंगठा उठवणे म्हणजेही ठसाच. प्रत्येकाच्या अंगठ्याच्या रेषा वेगळ्या असतात. म्हणून तर १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी निघाली. आजही रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकवावे लागते. ठशात कमीपणा नाही. कमीपणा होता तो वेगळ्या गोष्टीत. आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. अंगठा त्यांचा, मजकूर दुसऱ्याचा. त्यात कित्येकांच्या जमिनी गेल्या.

राजाचा ठसा कसा असे ते पाहा. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. मजकूर संपला की शेवटी दुसरा लहान शिक्का उठवीत. त्याला मोर्तब म्हणत. मोर्तब झाले की त्याखाली कोणाला काही घुसडता येत नसे. म्हणून एखादी गोष्ट पक्की झाली की आपण अजून 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो.

आपल्या पिशवीच्या कोपऱ्यात आपल्या नावाचा ठसा उठवणे हे आपले शिक्कामोर्तब. पण एक गंमत आहे. ठशावर अक्षर सुलटे कोरले तर कापडावर उलटे उठते. म्हणून ठशावर ते उलटेच कोरावे लागते. छापखान्यातले खिळेही असेच उलटे असत. 'सांगवी' हा शब्द कोरायचा असेल तर ठशावर डावीकडे 'वी' येईल, उजवीकडे 'सां' येईल, आणि प्रत्येक अक्षराचे तोंडही फिरलेले असेल.

हे जमवायची सोपी युक्ती सांगतो. पातळ कागदावर ठळक अक्षरात नाव लिहा. कागदाला तेलाचे बोट लावा. कागद आरपार दिसू लागेल. तो पालथा करून बटाट्यावर ठेवा. आता अक्षर उलटे दिसेल. त्या रेघांवर सुईने टोचत जा. कागद काढला की टोचलेल्या खुणा बटाट्यावर दिसतील. रेघ ठेवा, भोवतालचे कोरून काढा. नाव लांब असेल तर रताळे उभे कापून घ्या. पहिल्या दिवशी एकच अक्षर करा. 'ठ' घ्या. ते उलटे केले तरी बहुतेक तसेच दिसते. मग 'म' घ्या. तिथे खरी परीक्षा.

कोरून झाले की ठसा आरशासमोर धरा. आरशात नाव सरळ वाचता आले तर ठसा बरोबर.

जिला अक्षर उलटे कोरता आले तिला ते सुलटे किती पक्के ठाऊक असेल! काना कुठे, वेलांटी कुठे, हे बोटांना कळल्याशिवाय हे काम होत नाही.

मात्र नावाचा ठसा सर्वांत शेवटी उठवावा. आधी पट्टीची पारख, मग नाव. धुतल्यावर टिकेल अशाच मालावर आपले नाव घालावे. अंगठा लोकांनी आपल्याकडून मागून घेतला. नाव आपण आपल्या मर्जीने देतो. म्हणून ते जपून द्यावे.

प्रश्न

१. भेंडीचा ठसा कोरावा का लागत नाही?
२. हळदीचा रंग विकायच्या कापडावर का वापरू नये?
३. कच्ची केळी चिरताना विळी काळी का पडते?
४. ७२ सेंटिमीटर काठावर दर ८ सेंटिमीटरला एक बुट्टी हवी. किती बुट्ट्या येतील?
५. मडक्यावर काय लिहावे? का लिहावे?

करून पाहा

आपल्या नावाचे पहिले अक्षर बटाट्यावर कोरा. आधी वहीच्या पानावर उठवा. त्याखाली तेच अक्षर पेन्सिलीने लिहा. दोन्ही जुळतात का ते शेजारणीला दाखवा आणि तिच्याकडून वाचून घ्या.